नातवंडांची एसएटी आणि आजी-आजोबांचा चष्मा

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजी-आजोबांच्या दिवसाचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. सकाळी घर रिकामे होते. दुपार लांबत जाते. सायंकाळी मंडळी परततात ती थकून. आणि ज्याच्या ओढीने सातासमुद्रांपलीकडचा प्रवास केला ते नातवंड अकरावीत असेल, तर जेवण आटोपून आपल्या खोलीत शिरते आणि दार लोटून घेते. आत काय चालले आहे, असे विचारले की सून हलक्या आवाजात सांगते, "एसएटीचा अभ्यास." आपण मान डोलावतो, दूरचित्रवाणीचा आवाज कमी करतो आणि त्या दारापलीकडे आपले काही काम नाही, असे गृहीत धरतो.

हे गृहीतक तपासून पाहावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे. त्या परीक्षेचा निम्मा भाग असा आहे की, ज्यात सत्तरीतल्या, मन लावून वाचणाऱ्या माणसाला मानाने बसता येते. गणिताच्या भागाविषयी मी असे म्हणणार नाही.

एसएटी ही अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा 'कॉलेज बोर्ड' ही संस्था घेते. ती प्रथम १९२६ साली झाली. मार्च २०२४ पासून अमेरिकेत ती संगणकावर होते. भारतासह अन्य देशांत हा बदल एक वर्ष आधीच झाला. एकूण गुण ४०० ते १६०० या मोजपट्टीवर दिले जातात. त्यांतील निम्मे गणिताचे आणि निम्मे वाचन व लेखन या विभागाचे. सगळीच विद्यापीठे हे गुण मागतात असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेश देताना ते विचारातच घेत नाही, तर एमआयटीसारख्या काही संस्थांनी मधल्या काळात स्थगित केलेली अट पुन्हा लागू केली आहे. नातवंडाला ही परीक्षा द्यायची आहे की नाही, हा त्याचा व त्याच्या आईवडिलांचा निर्णय. तो झाला असेल, तर पुढचे वाचावे.

वाचन-लेखनाच्या विभागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटे असतात. हा वेळ दोन समान भागांत विभागलेला असतो. प्रत्येक भागात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटे. पहिल्या भागातील उत्तरे कशी आली त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. प्रत्येक प्रश्नासाठी एक स्वतंत्र छोटा उतारा असतो, २५ ते १५० शब्दांचा. म्हणजे उतारा, प्रश्न आणि चार पर्याय मिळून सरासरी सत्तर सेकंदांच्या आसपास वेळ हाती येतो. उतारे विज्ञानाचे असतात, इतिहासाचे असतात, कथा-कादंबऱ्यांतील असतात, क्वचित एखादी कविताही असते. 'लेखन' असे नाव असले तरी निबंध लिहायचा नसतो. दुसऱ्याच्या लेखनातील वाक्यरचना, विरामचिन्हे आणि जोडशब्द पारखायचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

आपण शाळेत 'अपठित गद्य उतारा' सोडवला आहे. तोच हा प्रकार, फक्त अधिक चतुर पर्यायांसह.

उत्तर उताऱ्यातच असते

या प्रश्नांचा एक गुण ध्यानात घेतला की भीती निम्म्याने ओसरते. विषयाचे ज्ञान येथे लागत नाही. उतारा प्रवाळांवर असला तरी प्रवाळ पूर्वी माहीत असण्याची गरज नसते; योग्य उत्तराचा आधार त्या शंभर शब्दांतच असतो. बाहेरची माहिती उलट घात करते. एक कल्पित उतारा घेऊन पाहू.

'एका गावातील वाचनालय पूर्वी दुपारी उघडे असे. ते सायंकाळी उघडू लागल्यानंतरच्या वर्षात सभासदांची संख्या जराही बदलली नाही. मात्र घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली.' यावरून कोणता निष्कर्ष निघतो? (अ) सायंकाळच्या वेळेमुळे वाचनालयाची सभासदसंख्या वाढली. (आ) सरासरीने एक सभासद पूर्वीपेक्षा अधिक पुस्तके घरी नेऊ लागला. (इ) दुपारी वाचन करणे लोकांना आवडत नाही. (ई) त्या वर्षी वाचनालयाने चांगली नवी पुस्तके विकत घेतली.

पहिला पर्याय उताऱ्याच्या सरळ विरोधात आहे. तिसरा पाहा: तो पटकन पटतो, पण उताऱ्याने 'लोकांना' काय आवडते याविषयी अवाक्षरही काढलेले नाही, पर्यायाने उताऱ्यापेक्षा मोठी उडी घेतली. चौथा सर्वांत लबाड. असे घडले असण्याची शक्यता आहे आणि आपल्या अनुभवाशी तो जुळतो, म्हणून अनुभवी माणूस नेमका तेथेच घसरतो. परंतु उताऱ्यात त्याला आधार नाही. उरला दुसरा. तो नीरस आहे, कोणताही मोठा दावा करत नाही, आणि बरोबर आहे. या परीक्षेत बरोबर उत्तर पुष्कळदा असेच मवाळ असते. 'नेहमी', 'सर्व', 'केवळ', 'सिद्ध होते' असे शब्द मिरवणाऱ्या पर्यायाकडे दोनदा पाहावे.

आता आपली भूमिका. शिक्षक होऊ नका. नातवंडाला शिक्षक पुष्कळ असतात. आपण श्रोता व्हा, असा श्रोता की ज्याला कारण ऐकल्याशिवाय समाधान होत नाही. उतारा त्याला किंवा तिला मोठ्याने वाचू द्या. पर्याय हाताने किंवा कागदाने झाकून ठेवा. "आता यात काय म्हटले आहे ते मला मराठीत सांग" असे म्हणा. परदेशात वाढलेल्या मुलाची मराठी मोडकीतोडकी असेल. असू द्या, तो जितका अडखळेल तितके त्याला मूळ वाक्य नीट समजून घ्यावे लागेल. इंग्रजी शब्दांची केवळ पुनरावृत्ती करून समजल्याचा भास निर्माण करता येतो. दुसऱ्या भाषेत सांगताना ती पळवाट बंद होते. शिवाय ज्या घरात आजी-नातवाचे संभाषण 'जेवलास का' आणि 'झोप आता' एवढ्यावर आकसले आहे, तेथे प्रवाळ, मंगळावरची धूळ आणि एखाद्या जुन्या कादंबरीतील रुसलेली मावशी यांविषयी मराठीत बोलणे सुरू होते. माझ्या दृष्टीने हा लाभ गुणांपेक्षा लहान नाही.

मग पर्याय उघडावेत आणि बरोबर उत्तराइतकाच वेळ चुकीच्या तीन पर्यायांना द्यावा. प्रत्येक का बाद झाला, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. चुकलेल्या प्रश्नांसाठी एक साधी वही ठेवावी आणि ती आजी-आजोबांनी लिहावी. उत्तर लिहू नये. चूक कोणत्या जातीची होती ते लिहावे. 'उताऱ्याबाहेरचे गृहीत धरले', 'नाही हा शब्द वाचायचा राहिला', 'शब्दाचा नेहमीचा अर्थ घेतला, येथला नाही'. दोन आठवड्यांनी वही चाळली की एकच चूक पुनःपुन्हा डोकावताना दिसते. प्रश्नसंच सोडवून संपवण्याच्या घाईत असलेल्या मुलाला हे सहसा दिसत नाही.

सराव प्रश्न सोडवूनच करावा, स्पष्टीकरणे वाचत बसून नव्हे, याला शास्त्रीय आधार आहे. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा वारंवार वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवण्याची चाचणी दिली. पाच मिनिटांनी पाहता वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चाचणी देणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते.

व्याकरणाच्या प्रश्नांत तर आपली पिढी चक्क वरचढ ठरते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन अँड मार्टिनचे व्याकरण यांवर पोसलेल्या वाचकांना कर्ता शोधून क्रियापद जुळवण्याची सवय असते. 'द बॉक्स ऑफ मँगोज' यापुढे 'इज' की 'आर', हा प्रश्न आजही विचारला जातो, फक्त मध्ये आठ-दहा शब्दांची भर घालून कर्ता दृष्टीआड केलेला असतो. काही ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसवते. 'पाऊस आला, आम्ही घरात गेलो' हे मराठीत चालते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेली ही परीक्षा खपवून घेत नाही. तेथे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, किंवा स्वल्पविरामाबरोबर उभयान्वयी अव्यय हवे. तसेच 'रस्त्याने चालताना पाऊस आला' यात मराठी माणसाला काही खटकत नाही. इंग्रजीत ते वाक्य तसेच्या तसे नेले, तर पाऊसच रस्त्याने चालत होता असा अर्थ होतो आणि नेमका हा दोष ओळखायला सांगितला जातो. ही गंमत नातवंडाला समजावून सांगा. त्याला आपली मराठीही जरा वेगळी दिसू लागेल.

जोडशब्दांच्या प्रश्नांसाठी एकच युक्ती पुरते. दोन वाक्यांमधील नाते आधी मराठीत ठरवावे, 'म्हणून', 'तरीही', 'उदाहरणार्थ' की 'त्याउलट', आणि मगच पर्याय पाहावेत.

सरावाचे साहित्य विकत घ्यावे लागत नाही. कॉलेज बोर्डच्या 'ब्लूबुक' या अ‍ॅपवर पूर्ण सराव-परीक्षा आहेत, 'खान अकॅडमी'च्या संकेतस्थळावर धडे व प्रश्न आहेत, आणि कागदावर छापून घेण्याजोग्या सराव-प्रश्नपत्रिकाही मिळतात. हे सर्व विनामूल्य आहे. घड्याळ लावून द्यायची पूर्ण सराव-परीक्षा मुलाने एकट्याने, संगणकावर, शांत खोलीत द्यावी. आपल्या सोबतीची बैठक वेगळी. तीत घड्याळ नसावे.

आणि आपल्याला काय मिळते?

येथे मी सावधपणे लिहितो, कारण 'मेंदूचे व्यायाम' या नावाखाली वृद्धांना पुष्कळ काही विकले जाते. अशा प्रश्नांनी स्मृतिभ्रंश टळतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत ६५ वर्षांवरील सुमारे २,८०० व्यक्तींवर झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या अभ्यासात वेगवेगळ्या गटांना स्मरण, तर्क आणि जलद आकलन यांचे प्रशिक्षण देण्यात आले. ज्याचे प्रशिक्षण, मुख्यत्वे त्याचीच क्षमता सुधारली. तर्क व वेग यांतील लाभ दहा वर्षांनंतरही काही प्रमाणात टिकून होता. म्हणजे उतारे सोडवणारा माणूस उतारे सोडवण्यात तरबेज होतो. त्यामुळे किल्ल्या कोठे ठेवल्या ते आठवू लागेल, असे नाही.

मग करावे कशासाठी? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात ज्या १४ बदलता येण्याजोग्या धोक्यांची नोंद केली, त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि शारीरिक निष्क्रियता यांच्याबरोबर एकाकीपण, श्रवणदोष आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष हेही आहेत. परक्या देशात, गाडी चालवता येत नसताना, शेजारी मराठी माणूस नसताना आलेले एकाकीपण किती दाट असते, हे तेथे राहून आलेल्यांना सांगायला नको. रोज अर्धा तास कुणाला तरी आपल्या वाचण्याचा, विचारण्याचा उपयोग होतो, ही गोष्ट त्या दाटपणाला भोक पाडते.

वयाबरोबर विचारांचा वेग मंदावतो, हे खरे. परंतु शब्दसंग्रह आणि जगाचे ज्ञान उतारवयातही दीर्घकाळ शाबूत राहते, पुष्कळदा वाढते. नातवाकडे वेग आहे, आपल्याकडे शब्द आणि धीर. तेव्हा सत्तर सेकंदांत उत्तर आले नाही म्हणून खंतावू नका. ती अट आपल्यासाठी नाही.

शरीराच्या काही मागण्या मात्र मान्य कराव्या लागतात. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा लावणारे लोक संगणकाकडे पाहताना नकळत हनुवटी वर करतात, कारण जवळचे दिसणारे भिंग खाली असते. अर्ध्या तासात मान दुखू लागते. पडदा खाली व किंचित मागे कललेला ठेवावा, किंवा सरळ उतारे छापून घ्यावेत, १६ ते १८ पॉइंटच्या ठळक अक्षरांत, साध्या चमक नसलेल्या कागदावर. प्रकाश खांद्यामागून कागदावर पडावा. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना समोरच्या दिव्याची तिरीप फार त्रास देते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते व डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीतून दूरवर पाहावे, आणि तेवढ्यात उभे राहून चार पावले टाकावीत. श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच बसावे. नातवंडाचे बोलणे अर्धवट ऐकून हसून मान डोलावण्याची सवय अनेकांना असते. येथे ती चालत नाही आणि तेच बरे.

मधुमेह असलेल्यांनी अभ्यासाच्या रंगात जेवण व औषधे पुढे ढकलू नयेत. छापील सरळ ओळी लहरत्या किंवा मध्येच पुसट दिसू लागल्या, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल असे मानून थांबू नये. दृष्टिपटलाचा विकार असू शकतो, नेत्रतज्ज्ञाला लवकर दाखवावे. आणि काल सहज वाचता येणारा मजकूर आज अचानक कळेनासा झाला, शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणाचाही विलंब न करता रुग्णवाहिका बोलवावी. अमेरिकेत त्यासाठी ९११ क्रमांक आहे.

आता जे आपल्या आईवडिलांची काळजी घेतात, त्या मधल्या पिढीसाठी थोडे. आजोबांना विस्मरणाचा आजार झाल्याचे निदान असेल, तर हे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवू नयेत. "बघू, तुम्हाला येते का" हे वाक्य त्यांना दिवसभर बोचत राहते. त्यांच्यासाठी बैठकीचे स्वरूप बदलावे: नातवाने उतारा वाचून दाखवावा, प्रश्न विचारूच नये, आजोबांना त्यावरून जे आठवेल ते ऐकावे. आठवण उताऱ्याशी जुळली नाही तरी दुरुस्ती करू नये. मुलाला मोठ्याने वाचण्याचा सराव मिळतोच. निदान झालेले नाही, पण सोप्या परिच्छेदाचा धागा वारंवार सुटतो आहे, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारला जातो आहे, असे लक्षात आले तर ते मनात ठेवून डॉक्टरांशी बोलावे. अभ्यासाच्या टेबलावर त्याची चर्चा नको.

आणखी एक सांभाळावे. आजीला कामाला लावले, आता आपण मोकळे, असा हिशेब आईवडिलांनी करू नये. गुणांची जबाबदारी आजीवर कधीही येता कामा नये. तशीच आजीनेही ओळखीतल्या कुणाच्या नातवाला पंधराशे पडले, ही बातमी आपल्यापाशीच ठेवावी.

झोपेविषयी मात्र आजी-आजोबांनी आपला अधिकार वापरावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. परीक्षेच्या वर्षात ती पहिल्यांदा कापली जाते. रात्री अकरानंतर सोडवलेले वीस प्रश्न सकाळच्या सातांच्या तोडीचे नसतात. बैठक जेवणाआधी घ्यावी, तेरा-चौदा प्रश्नांची, म्हणजे एका भागाच्या निम्मी. चौदावा झाला की उठावे, रंग चढला असला तरी.

सहा महिने संपले, परत यायचे झाले, म्हणून हे थांबण्याचे कारण नाही. भारतातील सायंकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. शनिवारी ही वेळ दोन्हीकडे सोयीची पडते. कॅलिफोर्नियात असलेल्यांसाठी आपल्याकडचे रात्रीचे नऊ घ्यावेत, तेथे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. उतारा आधी पाठवून ठेवायला सांगा, म्हणजे इकडे छापून घेता येतो. चुकांची वही येताना बरोबर आणू नका, तेथेच ठेवा. दुसरी येथे सुरू करा.

परीक्षा बहुधा शनिवारी सकाळी असते. आदल्या दिवशी नवे काही सोडवायचे नाही. संगणक पूर्ण चार्ज आहे ना, ओळखपत्र पिशवीत आहे ना, एवढे पाहावे. सकाळी पोटाला सवयीचे खाणे द्यावे. त्या दिवशी नवीन पदार्थ करून पाहू नये. वाचन-लेखन आणि गणित यांच्या मध्ये दहा मिनिटांची विश्रांती असते, तेवढ्यात खाता येईल असे काही डब्यात द्यावे, शेंगदाण्याचा लाडू किंवा केळे. घरी परतल्यावर "कसा गेला?" हा प्रश्न पहिला तासभर विचारू नये. निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत उतारे चालू ठेवायचे की नाहीत, हे त्याला विचारा. या वेळी निवड आपण करावी, मराठी मासिकातली दीडशे शब्दांची एखादी चौकट, आणि प्रश्न त्याने काढावेत.